चौसष्ट मात्रांची जागा

शोभा मेढेकरच्या नवऱ्याला एकच खोड होती, पण ती अशी की बायकोच्या जिवाचा नुसता संताप व्हावा. त्र्यंबकराव सगळं सांभाळून घ्यायचे. दारू नाही, सिगरेट नाही, कुणाशी भांडण नाही, घरात कधी आवाज चढवणं नाही. माहेरी पत्र लिहून तक्रार करावी तर लिहायचं काय? ‘माझा नवरा फार सांभाळून घेतो’? अमरावतीला आईने ते पत्र शेजारपाजारी कौतुकाने वाचून दाखवलं असतं.

ही खोड तबल्याने लावली होती. त्र्यंबकराव मिरजेचे. वयाच्या नवव्या वर्षापासून गुरुजींच्या मागे साथीला बसलेले. गुरुजींची शिकवण अशी की गाणारा अडखळला, शब्द विसरला, मात्रा चुकला, तर साथीदाराने ती जागा अशी भरून काढायची की समोरच्याला पत्ता लागता कामा नये. चुकणाऱ्याला उघडं पाडणं म्हणजे साथीदाराला लाज. ही शिकवण घेऊन ते इंजिनियर झाले आणि बहात्तर साली ती शिकवण आणि तबल्याची जोडी दोन्ही घेऊन न्यू जर्सीत उतरले. विमानात डग्गा मांडीवर होता. शोभा शेजारच्या सीटवर होती, तिला उशीसुद्धा मागून दिली नाही.

एडिसनच्या महाराष्ट्र मंडळात त्यांचं हे कसब सोन्याच्या मोलाचं ठरलं. कारण मंडळात गाणारे पुष्कळ आणि तालात गाणारे दोन. अध्यक्ष डॉ. हेमचंद्र देवस्थळी एका गणपतीत अंतराच विसरले, माईकसमोर तोंड उघडं ठेवून उभे राहिले. त्र्यंबकरावांनी तिथे असा काही तुकडा वाजवला की लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि डॉक्टरांनी मान लववून त्या टाळ्या स्वतः घेतल्या. घरी येताना गाडीत शोभा म्हणाली, “एकदा तरी पडू द्यायचं होतं त्यांना तोंडावर.” त्र्यंबकराव हसले आणि हीटर वाढवला.

तबल्यावर चाललं ते चाललं. पण हा माणूस ऑफिसातही तेच करी! पुलांची डिझाइन करणाऱ्या एका कन्सल्टिंग कंपनीत ते तेरा वर्षं होते. नवा पोरगा आला की त्याला आकडेमोड शिकवायची, त्याच्या चुका शनिवारी गुपचूप दुरुस्त करायच्या, आणि दोन वर्षांनी तोच पोरगा ह्यांचा साहेब व्हायचा. एकदा नाही, तीन वेळा. तिसऱ्या वेळी वरच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं, “तुमचं काम उत्तम आहे, पण मीटिंगमध्ये समोरच्याला तुमचे उच्चार ऐकून जरा अवघडल्यासारखं होतं.” त्र्यंबकराव म्हणाले, “आय अंडरस्टँड.” एवढ्यावर थांबले असते तरी शोभाने गिळलं असतं. पण त्या नव्या साहेबाच्या बढतीची ऑफिसात पार्टी ठरली तेव्हा ह्या गृहस्थांनी हात वर केला, “माय वाइफ विल मेक सामोसाज.”

आणि शोभाने ते तळले. तळताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तळले.

त्यानंतर ती गप्प बसली नाही. ती गावच्या पब्लिक लायब्ररीत कामाला होती, लोकांना कसले कसले फॉर्म शोधून द्यायचं कामच तिचं. नोकरीत भेदभाव झाला तर सरकारकडे तक्रार करता येते, त्याचा फॉर्म तिने आणला आणि डायनिंग टेबलावर ठेवला. चार महिने तो फॉर्म टेबलावरून फ्रीजवर, फ्रीजवरून ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरमधून तबल्याच्या हातोडीखाली गेला. तक्रार करायची मुदत फेब्रुवारीतल्या शेवटच्या सोमवारी संपत होती.

“भरू गं,” त्र्यंबकराव म्हणत. “उगाच वाकडेपणा कशाला? चार माणसं अवघडतात.”

“आणि तुम्ही नाही का अवघडत?”

“मला सवय आहे.”

शोभाने हात टेकले.

ह्या सगळ्यात वॉल्टर पेटीग्रू कुठून आले ते आता सांगायला हवं. लायब्ररीत रोज सकाळी दहाला एक उंच, काळे, सत्तरीला टेकलेले गृहस्थ वर्तमानपत्र वाचायला येत. डोक्यावर टोपी, पायात पॉलिश केलेले बूट. दोन वर्षं शोभाला ते एवढेच माहीत. मग एक दिवस लायब्ररीच्या रेकॉर्डांची झाडाझडती करताना तिला एका जुन्या कव्हरवर त्यांचाच फोटो दिसला. ड्रम्सच्या मागे बसलेले, तरुण, भलतेच रागावलेले. चौकशी केली तेव्हा कळलं की हा माणूस एके काळी नावाजलेला जॅझ ड्रमर. साठच्या दशकात काळ्या लोकांनी बसमध्ये, हॉटेलात, मतदानाला समान हक्क मागितले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. त्या दिवसांत ह्यांनी एक अख्खी रेकॉर्ड त्या लढ्यावर काढली. कंपनी म्हणाली, मधला एक तुकडा काढून टाका, बाकीची खपेल. हे म्हणाले, नाही. त्यानंतर ह्यांची रेकॉर्ड कुणी काढली नाही. वीस वर्षं शाळेतल्या मुलांना बँड शिकवून ते रिटायर झाले.

शोभाने मनावर घेतलं. सत्तराव्या वाढदिवसानिमित्त त्या रेकॉर्डचा कार्यक्रम करायचा. लायब्ररीच्या वरिष्ठांनी होकार दिला, पेटीग्रूंनी खूप आढेवेढे घेऊन होकार दिला, आणि घोडं अडलं हॉलवर. हायस्कूलचं सभागृह फेब्रुवारीच्या एकाच शनिवारी दुपारी मिळत होतं, आणि ते मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी आधीच धरून ठेवलेलं. संक्रांत जानेवारीत झाली होती, पण बर्फाने कार्यक्रम पुढे ढकलला होता.

डॉ. देवस्थळींकडे ती स्वतः गेली. डॉक्टर चहा ढवळत म्हणाले, “अहो, काही हरकत नाही, दीड तास देऊ. आपण त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कारही करू. पण शोभाताई, ते जरा आनंदी काही वाजवतील असं बघा. ती मोर्चाबिर्चाची भानगड आपल्याला कशाला? आपण इथे पाहुणे.”

“चौदा वर्षं कुठला पाहुणा राहतो, डॉक्टर?”

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं विनोद केला.

मग पेटीग्रूंनीच एक दिवस लायब्ररीच्या काउंटरवर विचारलं, “मिसेस एम, तुमचे मिस्टर हाताने वाजवायचे ड्रम वाजवतात म्हणे?” शोभाच्या तोंडून हो निघून गेलं. तिथे तिच्या डोक्याला नवा ताप सुरू झाला.

रिहर्सल रविवारी दुपारी लायब्ररीच्या तळघरात. पियानोला आणि सॅक्सोफोनला पेटीग्रूंचे दोन जुने विद्यार्थी, आता चाळिशीतले. त्र्यंबकराव जमिनीवर सतरंजी टाकून बसले. पहिला अर्धा तास असा रंगला की शोभा खुर्चीत बसल्या बसल्या मान डोलवायला लागली. दोघा वादकांना एकमेकांची तालाची भाषा धड कळत नव्हती, पण एकाने बोट उचललं की दुसऱ्याला कळे. मग आला तो तुकडा, कंपनीने काढा म्हटलेला. ड्रम्स चढत चढत गेले, पियानो चढला, सॅक्सोफोन किंचाळला, आणि सगळे एकदम थांबले.

एक, दोन, तीन, चार. पाचव्या मात्रेला त्र्यंबकरावांनी तबल्यावर एक गोड मुखडा टाकला आणि जागा भरून काढली.

पेटीग्रूंनी काठ्या मांडीवर ठेवल्या. “नाही.”

“तुम्ही थांबलात,” त्र्यंबकराव अदबीने म्हणाले. “मला वाटलं, मोजणं सुटलं.”

“सुटलेलं नाही. ही जागा रूबेनची आहे.” आणि म्हाताऱ्याने सांगितलं. रूबेन त्यांच्या बँडमध्ये बास, म्हणजे ते उभं मोठं तंतुवाद्य, वाजवायचा. दक्षिणेतल्या एका गावात कार्यक्रमाच्या आधी तो जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसला, जिथे काळ्यांना बसू देत नसत. त्याला बाहेर ओढून मारला. तिसऱ्या दिवशी तो गेला. “त्याचा सोलो इथे असायचा. सोळा बार. चार-चारचे. तिथे मी काही ठेवत नाही, आणि कुणी ठेवलेलं मला चालत नाही.”

त्र्यंबकरावांनी बोटांवर मोजलं. “म्हणजे चौसष्ट मात्रा. तीनतालाची चार आवर्तनं.” मग जरा थांबून, “पण लोकांना वाटेल तुम्ही चुकलात. लोक अवघडतील.”

“एक मिनिट अवघडतील,” पेटीग्रू म्हणाले. “मी चोवीस वर्षं अवघडलोय.”

शोभाने नवऱ्याकडे पाहिलं. हे वाक्य आपण एवढी वर्षं शोधत होतो, असं तिला वाटलं. ऐकलं का ह्यांनी? त्र्यंबकराव हातोडीने तबला लावत होते.

तुम्ही म्हणाल, आता कळलं ना, आता पुढच्या रविवारी नीट वाजवतील. कसलं काय! पुढच्या रविवारी बाराव्या मात्रेला हात पडला. त्याच्या पुढच्या रविवारी तिसाव्या. तेरा वर्षांची लेक रेखा आईबरोबर आली होती, तिने डोळे फिरवले. “डॅड, यू डिड इट अगेन!”

“अगं, हात आपोआप जातो,” ते ओशाळून म्हणाले.

“मग हातावर बसा!” शोभा ओरडली. तिचा आवाज तळघरात घुमला. पियानोवाला दचकला. घरी त्या दिवशी भात करपला, तो तिने तसाच वाढला. खरं तर तिला तबल्याचं एवढं काही नव्हतं. तिला धास्ती होती ती निराळीच. ज्या माणसाला रिकामी जागा एक मिनिट तशीच सोडवत नाही, तो तक्रारीचा फॉर्म काय भरणार? कार्यक्रम शनिवारी होता. सोमवारी मुदत संपत होती.

शनिवारी सभागृहात दोन जगं येऊन बसली. डावीकडे पेटीग्रूंच्या चर्चमधली माणसं आणि त्यांचे जुने विद्यार्थी, बायकांच्या डोक्यावर हॅटी, दोनच्या कार्यक्रमाला सगळे पावणेदोनला जागेवर. उजवीकडे आपली मंडळी, काठापदराच्या साड्या, हातात तिळगुळाच्या पुड्या, अडीच वाजले तरी अजून पार्किंग शोधतायत. मग समई. समईची काडी फायर अलार्मच्या भीतीने दोनदा विझवली. मग डॉक्टरांचं स्वागतपर भाषण, मग चिटणीसांचं प्रास्ताविक, त्यात मंडळाचा इतिहास. हॅटवाल्या बायका शांतपणे बसून होत्या. शोभा विंगेत उभी राहून साडीच्या पदराला पीळ घालत होती.

आणि कहर म्हणजे स्टेजवर रूबेनसाठी जी रिकामी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर मंडळाच्या कुणीतरी हौशी बाईने सत्काराचं तबक ठेवलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सगळं व्यवस्थित मांडून. रिकामी खुर्ची दिसली, ठेवलं! शोभाने धावत जाऊन ते तबक उचललं आणि खाली पहिल्या रांगेत डॉक्टरांच्या मांडीवर आदळलं. “हे तुमच्याकडेच ठेवा. मी खूण करीपर्यंत उठायचं नाही.”

“बरं बरं,” डॉक्टर म्हणाले.

कार्यक्रम सुरू झाला आणि शोभा पदर पिळायचा विसरली. पेटीग्रू सत्तर वर्षांचे आहेत हे कुणाला सांगून पटलं नसतं. उजवीकडच्या मंडळींना पहिली पाच मिनिटं काही झेपलं नाही, पण मग तबल्याने बोट धरलं आणि मंडळी मांडीवर ताल धरू लागली. आणि मग तो तुकडा आला. ड्रम्स चढले, पियानो चढला, सॅक्सोफोन किंचाळला, आणि सगळे थांबले.

शोभा मोजू लागली. पाच. आठ. त्र्यंबकरावांचे दोन्ही हात मांडीवर पालथे. बारा. डावीकडे कुणी हललं नाही. त्या माणसांना ती जागा कोणाची ते ठाऊक होतं. उजवीकडे खुर्च्या कुरकुरल्या. सोळा. कुणीतरी खोकलं. वीस. त्र्यंबकरावांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट उचललं गेलं. बोट पुन्हा खाली गेलं.

पण आपली मंडळी! एवढी वर्षं ज्यांना त्र्यंबकरावांनी सांभाळून घेतलं, त्यांना आज वाटलं, बिचारे मेढेकर अडकले, आपण सांभाळून घेऊ. मागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. दोघांचौघांनी साथ दिली. आणि डॉक्टर देवस्थळी, सत्काराची हीच वेळ समजून, हातात नारळ आणि खांद्यावर शाल घेऊन पायऱ्या चढून थेट स्टेजवर गेले आणि माईक धरून म्हणाले, “मंडळी, काही तांत्रिक अडचणीमुळे—”

“डॉक्टर!”

हा आवाज कुणाचा ते शोभालाही क्षणभर कळलं नाही. तिने तो लग्नाच्या सोळा वर्षांत ऐकलाच नव्हता.

“अडचण काही नाही,” त्र्यंबकराव सतरंजीवरूनच म्हणाले. “कुणी चुकलेलं नाही. मुद्दाम थांबलोय. अजून अडतीस मात्रा आहेत. बोलू नका.” मग इंग्रजीत, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं, ज्या उच्चारांनी मीटिंगमधली माणसं अवघडत त्याच उच्चारांनी त्यांनी पुन्हा सांगितलं. “दिस इज अ मॅन्स प्लेस. प्लीज डू नॉट फिल इट.”

टाळ्या जागच्या जागी मेल्या. त्र्यंबकराव पेटीग्रूंकडे वळले, आता शांतता मोडली म्हणून त्यांचा चेहरा पडला होता. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, एक बोट वर केलं आणि हळूच म्हणाला, “पहिल्यापासून.”

आणि मोजणं पुन्हा एकपासून सुरू झालं. पुरत्या चौसष्ट मात्रा. डॉक्टरांना खाली उतरायची हिंमत होईना, बूट वाजले असते. ते नारळ धरून रिकाम्या खुर्चीशेजारी उभे राहिले. तिळगुळाची पुडीसुद्धा वाजली नाही. तीसच्या पुढे शोभाचं मोजणं सुटलं, कारण तिला रडू येत होतं आणि रडताना मोजता येत नाही. त्र्यंबकराव मोजत होते. चौसष्टावी मात्रा संपली तशी पेटीग्रूंची काठी आणि त्यांचा हात एकाच क्षणी खाली आले.

नंतर सत्कार झाला, शाल दिली गेली, हॅटवाल्या बायकांनी तिळगूळ घेतला आणि गोड बोलायचं म्हणजे काय ते विचारून घेतलं. डॉक्टर शोभाला म्हणाले, “आज मेढेकर जरा तापटपणे वागले, नाही?” शोभा म्हणाली, “हो ना. पहिल्यांदाच.” तिला एवढा आनंद झाला होता की डॉक्टरांना तिने दोन लाडू जास्त दिले.

पण आनंद रविवारी दुपारपर्यंतच टिकला. त्र्यंबकराव उठले, चहा घेतला, पेपर वाचला, तबल्याला पावडर लावली. हातोडी उचलली तेव्हा खालचा फॉर्म दिसला असणारच. तो त्यांनी टेबलावर आणला, पेन घेतलं आणि बसून राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. शोभा ओट्याशी उभी राहून हे बघत होती आणि तिच्या अंगाची लाही लाही होत होती. स्टेजवर गर्जना आणि घरी हे!

“अहो, लिहा की,” तिने सुरुवात केली. “पहिल्यांदा ते त्र्याऐंशीचं लिहा, मग तो दुसरा पोरगा, मग ते उच्चारांबद्दल साहेब जे म्हणाले—”

त्र्यंबकरावांनी वर न पाहता पेटीग्रूंसारखं एक बोट उचललं.

शोभाचं तोंड मिटलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की हा माणूस कधीही गप्प बसला की पाचव्या मात्रेला आपणच काहीतरी टाकून मोकळ्या होतो. सोळा वर्षं. तिने स्वतःवरच चिडून नॅपकिन ओट्यावर आपटला, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली. किती वेळ गेला कोण जाणे, ह्या वेळी तिने मोजलं नाही.

मग पेन चालू लागलं. त्यांनी पहिलं पान भरलं, दुसरं भरलं, मागे कोरा कागद जोडून तोही भरला. शेवटी ते म्हणाले, “पोस्टात नको टाकायला. उद्या रजा घेतो, न्यूअर्कच्या सरकारी ऑफिसात स्वतः नेऊन देतो. तू एकदा नजर घाल.”

शोभाने वाचलं. तारखा होत्या, नावं होती, साहेबांचं वाक्य जसंच्या तसं होतं. कुठेही सांभाळून घेतलेलं नव्हतं. शेवटच्या पानावर साक्षीदाराचा रकाना होता. तिथे त्यांनी लिहिलं होतं: शोभा मेढेकर, पत्नी. आणि साक्षीदाराला काय माहीत आहे, त्याच्यापुढे: ‘माझी जागा ज्याला दिली त्याच्या पार्टीसाठी मी हिच्याकडून शंभर सामोसे तळून घेतले. ते मी करायला नको होतं.’

ती ओळ तिने दोनदा वाचली. तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“एकशेवीस होते,” ती म्हणाली. “एकशेवीस लिहा.”